बाबारावांचा बगीचा आणि नागपुरातलं बटण

फ्लॅट झाला, सोनं झालं, एफडीचे व्याजदर बघून उसासे टाकून झाले. आता आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाला शेती पाहिजे. करायला नाही, असायला. लग्नात, तेराव्याला, सकाळच्या फिरण्यात, जिथे जावं तिथे कोणी ना कोणी सांगतोच की त्याने काटोल रोडला नाही तर उमरेडच्या बाजूला ‘थोडं शेत’ घेऊन ठेवलंय. त्यात काय पिकतं असं विचारलं की गडी गोंधळतो आणि समृद्धी महामार्ग तिथून किती मिनिटांवर आहे ते सांगतो. मला या लोकांचा भयंकर राग येतो. खरं तर तो येण्याचा मला काही अधिकार नाही, कारण पाव एकर मीही घेतलं होतं.

घ्यायला लावलं माझ्या भाच्याने. सौरव बंगळुरूला असतो, संगणकात काहीतरी करतो. “मावशी, जमीन नवीन तयार होत नाही,” असं तो मला फोनवर ऐकवायचा, जणू मी कुठे तयार करायला निघाले होते. आम्ही काही जातीचे शेतकरी नाही, सातबारा आमच्या नावावर होणं शक्य नव्हतं. पण त्यावरही तोड निघाली होती. ‘केशरछाया फार्म्स’ नावाच्या कंपनीने काटोलच्या अलीकडे संत्र्याचे बगीचे तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले होते आणि त्याचे हिस्से ती आमच्यासारख्यांना विकत होती. झाडं कंपनी सांभाळणार, फळ कंपनी विकणार, आम्ही फक्त रविवारी जाऊन फोटो काढायचे. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात त्यांनी आम्हाला पडद्यावर आलेख दाखवला. त्यातली रेघ खालून वर गेली ती गेलीच. मी सदतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कुठलीही जिवंत वस्तू अशी सरळ रेषेत वाढत नाही हे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण जेवण चांगलं होतं.

बाबाराव चरपे मला भेटले ते पहिल्या रविवारच्या सहलीत. कंपनीने बस केली होती, रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत होता, आणि आम्ही चाळीसेक मालक आपापली झाडं शोधत बगीच्यात फिरत होतो. एका बाईंनी संत्रं धरून ओढलं, तशी मागून आरोळी आली, “ओढू नका जी! देठ उपटते!” बघितलं तर सत्तरीला टेकलेला एक काळा, उंच, गुडघ्यात किंचित वाकलेला माणूस आमच्याकडे असा बघत होता जसं कोणी त्याच्या पोराच्या थोबाडीत मारली असावी. कंपनीचा पियुष धावत आला आणि हसत म्हणाला, “हे आपले बाबाराव काका. जमीन यांचीच आहे. आता आपले बगीचा मॅनेजर.” बाबाराव हसले नाहीत. ते कैचीने फळ कसं कापायचं ते दाखवून निघून गेले.

गोड माणूस नव्हता तो, हे आधीच सांगते. नाही तर वाचणाऱ्याला वाटायचं की मातीचा सुगंध, भोळा शेतकरी वगैरे. बाबाराव चिडके होते. एक गोष्ट दोनदा विचारली की तोंड फिरवायचे. पण मी पडले मास्तरीण, चिडक्या माणसांशी माझं चांगलं जमतं. एकटीच बसने जाऊ लागले. त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, कौसल्याबाईंच्या हातचा चहा पिऊन, त्यांची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी ऐकत गेले.

अकरा एकर जमीन. वडिलांनी जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम कसं करायचं ते बाबारावांना वयाच्या बाराव्या वर्षी शिकवलं होतं, आणि तेव्हापासून हात थांबला नव्हता. देणं कोणाचं नाही. हे ते पुन्हा पुन्हा सांगत, कारण नागपूरहून येणारा प्रत्येकजण आधी चेहरा पाडून त्याबद्दलच विचारायचा. “मी काही बुडालो म्हणून नाही देल्ली जमीन. गुडघे गेले म्हणून देल्ली,” ते म्हणत. नागपुरात धंतोलीला एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा राहिला. मुलगा जितेंद्र पुण्याला नोकरीला, तो काही परत यायचा नाही. कामाला माणूस मिळत नाही. मग कंपनी आली, आणि त्यांनी आठ एकर भाड्याने देऊन तीन स्वतःकडे ठेवले.

पण देताना त्यांनी एक अट घातली. आठ एकरांवर साडेआठशे झाडं होती, जितेंद्र इंजिनिअरिंगला गेला त्या वर्षी लावलेली, ऐन भरातली. कंपनीला ती नको होती. कंपनीला लावायचं होतं चंदन, कारण चंदनाचा आलेख संत्र्याच्या आलेखापेक्षाही उंच जातो. बाबाराव अडून बसले. शेवटी करारात हाताने एक कलम लिहिलं गेलं. तीन वर्षं झाडांना हात लावायचा नाही. तिसऱ्या वर्षी आंबिया बहार भरघोस फुलला तर झाडं पूर्ण तीस वर्षं राहतील. नाही फुलला तर कंपनी हवं ते लावायला मोकळी.

पहिल्या वर्षी कंपनीने ठिबकच्या नळ्या टाकायला मुळांवरून चर खणले, झाडं रुसली. दुसऱ्या वर्षी फुलावर गारपीट झाली. उरलं हे तिसरं वर्ष, आणि या वर्षी बाबाराव डोळ्यांत तेल घालून होते.

आता आंबिया बहार कसा येतो ते सांगायलाच हवं, नाही तर पुढची माती कशी झाली ते कळणार नाही. संत्र्याचं झाड सुखात असलं की पानंच काढत बसतं. फूल यायला त्याला तहान लागावी लागते. म्हणून डिसेंबरात पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाड उपाशी ठेवायचं. पानं फिकी होतात, माना टाकतात, थोडी गळतातही. मग योग्य दिवशी खत देऊन पाणी सोडलं की फेब्रुवारीत फांदीन् फांदी फुलाने पांढरी होते. याला ताण देणं म्हणतात. विदर्भातल्या संत्रेवाल्या घरातल्या लहान पोरालाही हे माहीत असतं.

अवघड असतो तो योग्य दिवस. लवकर पाणी दिलं तर नुसती पालवी, उशीर केला तर फांद्या वाळतात. तो दिवस ओळखण्याची बाबारावांची एक रीत होती. ते रोज उजाडायच्या सुमारास, दुखरा गुडघा ओढत, बगीच्यात जाऊन पानं बघायचे. “संध्याकाळी त सगळेच मान टाकतात,” त्यांनी मला सांगितलं होतं. “सकाळी उचलली, म्हणजे अजून दम आहे. सकाळी बी नाही उचलली, का त्या दिवशी पानी.” हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी मान डोलावली होती, ‘व्वा’ही म्हटलं होतं. आणि विसरून गेले होते.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी गेले, तर माझ्या पाव एकरातली झाडं ओळखू येईनात. पानं आत वळलेली, पिवळट, खाली सडा पडलेला. दुपारची वेळ होती. मी पटकन फोटो काढला आणि ‘केशरछाया परिवार’ या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘झाडं अशी का दिसत आहेत? कुणी लक्ष देतंय का?’

बाबाराव तेव्हा पन्नास पावलांवर, विहिरीच्या कठड्यावर बसून चहा पीत होते. मला दिसत होते. मी त्यांना विचारलं नाही, मोबाईलला विचारलं. का, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. बहुधा मला वाटलं असावं की तक्रार वर करायची असते, आणि ते तर बिचारे तिथे खालीच बसले होते.

पुढे काय झालं ते मी परतीच्या बसमध्ये वाचत आले. बंगळुरू, पुणे, दुबई, सगळीकडून मालक जागे झाले. ‘ही आमच्या कष्टाच्या पैशांची राख आहे.’ ‘त्या म्हाताऱ्याला काही येतं का?’ ‘ऑटोमॅटिक ठिबकचे पैसे घेतलेत ना, मग पाणी कुठंय?’ यातला शेवटचा संदेश माझ्या भाच्याचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण इथे उंटही प्रत्येकाचा वेगळा आणि शेळीला विचारतो कोण! अर्ध्या तासात पियुषचं उत्तर आलं: ‘काळजी नसावी. पाणी सुरू केले आहे.’ खाली हात जोडलेल्या बाहुल्या.

पाणी सुरू करायला पियुषला बगीच्यात जावं लागत नव्हतं. ठिबकचा वॉल्व्ह मोबाईलवर चालतो. नागपूरच्या ऑफिसात बटण दाबलं की काटोलजवळ पाणी पडतं. बाबारावांनी झाडाखाली ओल बघितली आणि लंगडत जाऊन वॉल्व्ह हाताने बंद केला. तासाभराने तो पुन्हा आपोआप सुरू झाला. त्यांनी पुन्हा बंद केला. असं तीनदा झालं. सोमवारी कंपनीचा माणूस आला आणि वॉल्व्हच्या डब्याला कुलूप लावून किल्ली घेऊन गेला.

मंगळवारी मला बाबारावांचा फोन आला. माणूस फोनवर ओरडून बोलायचा, पण त्या दिवशी आवाज बसलेला होता. “ताई, दहाच दिवस बाकी होते जी. कोन्या बेअक्कल मानसानं फोटो टाकला म्हनतात. तुमी हिस्सेदार आहा, तुमचं ऐकतीन. चालता का माझ्यासंगं हाफिसात?”

मी हो म्हटलं. फोटोबद्दल काही बोलले नाही. प्रत्यक्ष भेटल्यावर सांगू, असं मनाशी ठरवलं.

बुधवारी सकाळी ते एसटीने आले. धुतलेला पांढरा शर्ट, त्यावर कोट, हातात कराराची झेरॉक्स असलेली पिशवी. ऑफिस सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पियुषने आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. भिंतीवर संत्र्याच्या फुललेल्या बगीच्याचं मोठं चित्र होतं.

बाबारावांनी सगळं नीट मांडलं, आवाज न चढवता. मी त्यांना इतक्या शांतपणे बोलताना कधी पाहिलं नव्हतं. “आज पानी बंद केलं त अर्धा बगीचा अजून वाचते. झाड मरून नाही राहिलं गा, त्याले आपन उपाशी ठेवलं. बापजाद्यापासून ठेवत आलो.”

“मले माहीत आहे काका,” पियुष म्हणाला. “माझ्या मामाचा बगीचा आहे नरखेडले. आम्ही बी ताण देतो.”

“मंग काहून पानी सोडलं?”

“काका, दीडशे क्लायंट आहेत. त्यातले किती जनाले समजावून सांगू? त्यांले हिरवं झाड पायजे. वाळलेल्या झाडाचा फोटो फिरला त पुढच्या फेजचं बुकिंग थांबते. मले वरून बोलणे बसून राहिले.”

म्हणजे त्याला माहीत होतं. अडाण्याने नुकसान केलं तर निदान शिव्या घालून मोकळं होता येतं, पण या पोराला सगळं कळत होतं आणि तरी त्याने बटण दाबलं होतं. माझं डोकं फिरलं. मी मास्तरणीच्या आवाजात सुरू झाले. झाडाचं शास्त्र सांगितलं, कराराचं कलम दाखवलं, ग्राहक म्हणून माझी लेखी मागणी आहे असं सुनावलं, आणि शेवटी म्हटलं, “एका मूर्ख फोटोवरून तुम्ही साडेआठशे झाडांचा बहार घालवता?”

पियुषने मोबाईल उघडून पुन्हा पाहिला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. “पण मॅडम,” तो म्हणाला, “फोटो तर तुमीच टाकला होता.”

हात दाखवून अवलक्षण. बाबाराव सावकाश माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मी तेथंच होतो ना जी,” ते म्हणाले. “चाय पेऊन राहिलो होतो.”

मग त्यांनी झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवली आणि उठले. पियुषने ‘वर बोलून बघतो’ असं सांगितलं. पाणी चालूच राहिलं.

जानेवारी संपता संपता बगीचा हिरवागार झाला. पोपटी, लुसलुशीत पालवी. ग्रुपवर आनंदीआनंद. ‘आता कसं फ्रेश वाटतंय!’ ‘थँक्यू टीम!’ मी एक लांबलचक संदेश लिहिला. ही पालवी म्हणजे बहार बुडाल्याची खूण आहे, ताण म्हणजे काय, करारात काय लिहिलंय, आणि पहिला फोटो टाकून मीच चूक केली. त्याला सहा अंगठे आले आणि एकाने विचारलं की संत्र्याचा ज्यूस साईटवर मिळेल का. सौरवला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, तू फार भावनिक होतेस. चंदन लागलं तर उलट आपला फायदाच आहे.” मी फोन ठेवून दिला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकीच्यांना शेक मिळतो.

फेब्रुवारीच्या शेवटी कंपनीचे कृषितज्ज्ञ पाहणीला आले. मीही गेले. बाबाराव माझ्याशी बोलत होते, पण कामापुरतं. आम्ही ओळीने चालत होतो. नुसती पानं. एखाद्या झाडावर चार-दोन फुलं, तीही वाट चुकल्यासारखी. आणि मग धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, शेवटच्या ओळीत, टोकाला, सात झाडं अशी फुललेली की खालची पानं दिसेनात. वास तर दहा पावलांवरूनच येत होता आणि मधमाश्यांची नुसती गुणगुण. सगळेच थबकले.

बाबाराव खाली बसले, गुडघ्याला हात देत, आणि त्यांनी ठिबकची नळी उचलून दाखवली. तिच्यात गाळ बसून ती चोंदली होती. या सात झाडांना पियुषचं पाणी पोचलंच नव्हतं. त्यांच्या वाट्याचं पाणी बाबारावांनी, पानांनी सकाळीही मान टाकली त्या दिवशी, बादल्यांनी घातलं होतं.

“पाहा,” ते तज्ज्ञांना म्हणाले. “असा सगळा फुलला असता.”

तज्ज्ञांनी मान हलवली. माणूस सज्जन होता, त्याला पटलं होतं. पण त्याच्या फॉर्मवर फुललेल्या झाडांची टक्केवारी लिहायचा एकच चौकोन होता, बाकीची का फुलली नाहीत हे लिहायला जागा नव्हती. त्याने एकापेक्षा कमी टक्का लिहिला. मी त्या सात झाडांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि नळी चोंदल्याचं कारणही लिहिलं. पहिलं उत्तर दुबईहून आलं: ‘किती सुंदर! ही कोणती व्हरायटी आहे? सगळी अशी का नाही लावली?’

आठवड्याने ग्रुपवर मतदान झालं. संत्रा की चंदन. संत्र्याला अकरा मतं पडली.

मार्चमध्ये जेसीबी येणार होता त्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या बसने गेले. कशाला गेले ते मलाही सांगता येणार नाही. कौसल्याबाई दारातच भेटल्या. “समजवा ना जी त्याहिले,” त्या म्हणाल्या. “म्या म्हनलं, आज आपल्या तीन एकरात जा, तिकडं पाहू नका. त ऐकत नाही.” बाबाराव धुऱ्यावर उभे होते. त्या सात झाडांवर आता वाटाण्याएवढी हिरवी फळं धरली होती.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि इतके दिवस तोंडातून न निघालेलं बोलले. “बाबाराव, चूक माझी होती.”

“तुमाले माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “पन म्या सांगतलं असतं ना. इतले सारे लोक आले, मले सगळ्याईनं ऐकवलं. कंपनीनं ऐकवलं, साहेबानं ऐकवलं. इचारलं कोनीच नाही.”

तेवढ्यात जेसीबी फाटकातून आत आला. चालवणारा चाळिशीचा, कानाला मफलर बांधलेला माणूस होता. त्याने इंजिन हळू केलं, बाहेर वाकून साडेआठशे झाडांकडे बघितलं, मग बाबारावांना ओळखीच्या माणसासारखी हाक मारली.

“काका, कोठून सुरू करू?”

तीन वर्षांत त्या शेतात काय कसं करायचं हे बाबारावांना कोणी विचारलं ते पहिल्यांदाच. त्यांनी थोडा विचार केला. विचारलंय म्हटल्यावर नीट उत्तर द्यायला हवं, असा त्यांचा चेहरा झाला. मग हात लांब करून त्यांनी ती सात झाडं दाखवली.

“हे सात आधी काढ बापा,” ते म्हणाले. “हे उभे राहिले त मले दिवसभर पाहा लागन.”